राखोळीला दिलेली पोर

बजरंगने आपली सगळी ओझी देवावर टाकली आणि देवाने ती उचलून जशीच्या तशी संगीताच्या डोक्यावर ठेवली. निदान संगीताला तरी असंच दिसत होतं. बोअरची मोटर जळाली तेव्हा बजरंग डोळे मिटून म्हणाला, "प्रभूवर सोडलं." मोटर टमटममध्ये घालून अंबाजोगाईला दुरुस्तीला नेली ती संगीताने. सासू रतनबाई पडून अंथरुणाला खिळली तेव्हाही त्याने प्रभूवर सोडलं, पण म्हातारीचं भांडं उचलायला प्रभू काही आला नाही. म्हातारी गेल्यावर बजरंगने ख्रिस्ती मंडळीत उभं राहून साक्ष दिली, की आईच्या आजारपणात देवाने मला एक दिवससुद्धा थकू दिलं नाही. ते मात्र खरं होतं.

गंमत अशी, की देव आधी संगीताला सापडला होता. लग्नानंतरची दोन बाळंतपणं वाया गेली, तेव्हा धनगरवस्तीवरची केसरबाई तिला प्रार्थनेला घेऊन गेली. तिथे कोणाच्या अंगात आलं नाही, कोणी लिंबू मागितलं नाही, कोणी तिच्या नशिबाला नावं ठेवली नाहीत. केसरबाई नुसती शेजारी बसून तिच्याबरोबर रडली. असा रडणाऱ्यांजवळ बसणारा देव संगीताला पटला. मग स्वप्ना झाली. बजरंग चारेक वर्षांनी मागून आला आणि आल्या आल्या पुढे जाऊन बसला. देव शोधला तिने, मिरवला त्याने.

आता तर तो मंडळीचा माइक सांभाळायचा. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी पन्नासेक माणसं जमायची, त्यांच्यापुढे तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून "हॅलो, हॅलो" करत उभा राहायचा. मेंढरामागे फिरताना ज्याच्या तोंडून दिवसभरात चार शब्द निघत नसत, त्याला माइक हातात आला की कंठ फुटायचा.

माइकचे खरे मालक पास्टर उत्तरेश्वर. लातूरकडचे, शहरात वाढलेले, आवाज गोड. काळजी करणं हा देवाचा अपमान आहे, असं ते दर रविवारी सांगत. वीज मात्र त्यांनी देवावर सोडली नव्हती. उपदेशाच्या मध्येच लाइट जाऊ नये म्हणून त्यांनी शेडमध्ये चांगला दोन बॅटऱ्यांचा इन्व्हर्टर बसवून घेतला होता. संगीता त्या इन्व्हर्टरच्या हिरव्या दिव्याकडे बघत उपदेश ऐकायची, आणि तिला हसू दाबायला पदर तोंडाशी धरावा लागायचा. बायकांना वाटायचं, ती भरून आली आहे.

पास्टरांना एक कळलं होतं, की धनगरांशी धनगरांच्या शब्दांत बोललं की ते लगेच माना हलवतात. म्हणून नाताळाआधीच्या एका रविवारी त्यांनी राखोळीचा दाखला दिला. राखोळी म्हणजे आपली मेंढरं दुसऱ्याकडे राखायला द्यायची. त्याने ती चारायची, जपायची, आणि होतील त्या कोकरांत त्याचा अर्धा वाटा. "तुमी मेंढरं राखोळीला देता," पास्टर ओढून ताणून गावठी बोलत म्हणाले, "मग रोज सांजच्याला त्याच्या वाड्यावर जाऊन बघता का? न्हाई. बघायला गेलात तर त्याला वाईट वाटतं, की माझ्यावर भरवसा न्हाई. मंग लेकरं प्रभूच्या राखोळीला दिली, तर तुमी त्यात हात कावून घालता?"

माना हलल्या. आणि नेमकी तेव्हाच, बायकांच्या रांगेत, स्वप्नाला फिट आली.

पोर तेव्हा पंधरा वर्षांची. फिटा तिला दहाव्या वर्षापासून यायच्या. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्यापासून त्या पुष्कळ आटोक्यात होत्या, पण वस्तीवर लग्न होतं, दोन दिवस गोळी चुकली होती. संगीताने तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. पास्टरांनी धावत येऊन डोक्यावर हात ठेवला आणि माइकसकट ओरडायला सुरुवात केली. फिट जशी येते तशी जाते. ती गेली. पोर डोळे उघडून भांबावून बघू लागली, आणि पन्नास माणसांनी हालेलुयाचा गजर केला. त्या गजरात बजरंग उभा राहिला. त्याचे डोळे वाहत होते. म्हणाला, "माझी पोर म्या आजपासून प्रभूच्या राखोळीला दिली. आजपासून तिच्या तोंडात गोळी जाणार न्हाई."

टाळ्या पडल्या. पोरीच्या जिवावर एवढ्या टाळ्या मिळतात हे बजरंगला तोवर माहीत नव्हतं.

घरी आल्यावर संगीता पुष्कळ बोलली. त्याने ऐकून घेतलं आणि मायेने, अगदी असह्य मायेने म्हणाला, "तुझा विश्वास कमी हाय. म्या तुझ्यासाठी प्रार्थना करीन." त्याने गोळ्यांची पाकिटं चुलीत घातली. त्याच आठवड्यात पशुवैद्य वस्तीवर आले, तेव्हा ह्याच बजरंगने एकूण एक मेंढराला आंत्रविषाराची लस टोचून घेतली. एक तरणी मेंढी निसटून पळाली, तर तिच्यामागे ओढ्यापर्यंत धावला. मेंढरांच्या बाबतीत प्रभूला त्रास नको, असं त्याचं ठरलेलं असावं.

संगीता पुढच्या बाजारी अंबाजोगाईला गेली आणि दवाखान्यातून नवीन गोळ्या घेऊन आली. पाकिटातून काढून तिने त्या हळदीच्या जुन्या डबीत भरल्या. नवऱ्याला सांगितलं, पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, आशाताईने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात. पोरीलाही तेच सांगितलं. बजरंगने हरकत घेतली नाही. रक्ताची गोळी चालते आणि फिटीची चालत नाही, हा कायदा कुठल्या स्वर्गातून आला हे त्यालाच ठाऊक.

मग फिट आली नाही. नाताळ गेला, उन्हाळा गेला, फिट आली नाही. बजरंग दर महिन्याला माइक धरून साक्ष द्यायचा, की बघा, गोळी नाही, डॉक्टर नाही, आणि पोर ठणठणीत. साक्ष दर महिन्याला थोडी वाढायची. आधी पोरीला फिट आली होती, मग पोर मरायला टेकली होती, पुढे पुढे ती मेलीच होती. संगीता पहिल्या रांगेत मांडी घालून बसायची आणि नवऱ्याकडे असं बघायची, जसं पिठात सापडलेल्या किड्याकडे बघावं. त्या तुच्छतेत तिला एक ऊब मिळायची हे नाकारण्यात अर्थ नाही. घरात तिला दुसरी ऊब होती कुठे?

हे असंच चाललं असतं. पण ऑगस्टातल्या एका साक्षीनंतर केसरबाई तिच्याजवळ सरकली. म्हातारी रडून रडून लाल झाली होती.

"संगीता, म्या ठरवलंय," ती म्हणाली. "येत्या रविवारी ह्यांच्या गोळ्यांची पिशवी क्रुसापुढं नेऊन ठिवते. तुझ्या पोरीला प्रभूनं बरं केलं, मंग माझ्या म्हाताऱ्यानं काय केलंय?"

म्हातारा म्हणजे तिचा नवरा, सटवा. दोन वर्षांमागे त्याच्या छातीत कळ येऊन तो मरता मरता वाचला होता. एकही दिवस गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो शेडच्या दाराशी बसला होता, काठीवर हनुवटी टेकून. बायको नेईल तिकडे जायचं, एवढाच त्याचा धर्म.

इतके दिवस संगीताला वाटत होतं, की ती एका मूर्खाला फसवते आहे. आपलं खोटं त्याच्या तोंडून माइकवर गेलं, माइकवरून केसरबाईच्या कानात गेलं, आणि आता ते सटवाच्या छातीवर बसणार, हे तिला त्या क्षणी कळलं.

दुसऱ्या दिवशी ती केसरबाईच्या घरी गेली. म्हातारी मेंढरांच्या वाड्यातल्या लेंड्या लोटत होती. संगीताने इकडेतिकडे बघून सांगून टाकलं. "मावशी, स्वप्नाची गोळी बंद न्हाई. म्याच देते, रक्ताची म्हनून. म्हाताऱ्याच्या गोळ्या थांबवू नका."

केसरबाईचा खराटा थांबला. ती रागावली असती तर परवडलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर कीव आली.

"पोरी, तुझ्या नवऱ्याचं नाव झालं, ते तुला सोसंना. व्हतं असं." ती म्हणाली. "त्यानं उभं राहून सांगितलंय. उभं राहून बोललेलं देवापुढं बोललेलं असतं. आन् तू हितं वाड्याआड माझ्या कानात बोलतीस. म्या कुनाचं खरं धरू?"

हा मंडळीचा नियमच होता. बायकांची भांडणं वाढली, तेव्हा पास्टरांनीच तो घातला होता. उभं राहून, सगळ्यांपुढे सांगितलं ती साक्ष. बसून, कानात सांगितलं ती चहाडी. चहाडीवर कोणी विश्वास ठेवायचा नाही.

"खरं आसंल तर उभी राहून सांग," केसरबाई म्हणाली आणि पुन्हा लेंड्या लोटू लागली.

उभं राहून सांगायचं म्हणजे काय, हे संगीताला पक्कं ठाऊक होतं. बजरंगला कळणार. तो डबी फोडणार, पोरीवर नजर ठेवणार, कदाचित तिला गेवराईकडे आपल्या भावाच्या वाड्यावर पाठवून देणार, जिथे संगीताचा हात पोचणार नाही. सटवाला वाचवायचं तर आपली पोर पणाला लावायची. आणि सटवा तिचा कोण? वर्षभरात दोनदा "बरं हाय का" विचारणारा म्हातारा. पण त्याचीच बायको एकदा तिच्याजवळ बसून रडली होती, आणि तिच्या आयुष्यातल्या देवाला दुसरा चेहरा नव्हता.

आठवडाभर ती धड जेवली नाही. शनिवारी शेतात मेंढरं पाण्यावर सोडून ती बांधावर बसली आणि प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडणच. "तुझ्या नावानं येवढा बाजार मांडलाय आन् तू गप बसतूस. तुझ्या गप बसण्याचा मला लई राग हाय. पर ऐक. उद्या म्या उभी राहणार. पोर माझ्या हातात ऱ्हाईल का न्हाई, मला म्हाईत न्हाई. फुडचं तू बघ."

शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर ती दचकली. हेच वाक्य तिने बजरंगच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं आणि हजारदा तिला शिसारी आली होती. फरक एवढाच, की बजरंग ते काही करायला लागू नये म्हणून म्हणायचा. तिला मात्र ते म्हटल्यावर उद्या उठून उभं राहायचं होतं. कोणाला पटो न पटो, पण बांधावरून उठताना तिला हलकं वाटलं, आणि त्याचाही तिला थोडा राग आला.

रविवारी पास्टरांनी क्रुसापुढे टेबल मांडून त्यावर पांढरं कापड घातलं होतं. केसरबाई औषधांची प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही हातांत धरून, देव्हाऱ्यात नैवेद्य न्यावा तशी चालत गेली आणि ती ठेवून आली. गजर झाला. बजरंग माइक घेऊन म्हणाला, "आजूक कुनाला साक्ष द्यायची हाय?"

संगीता उभी राहिली. बजरंगला आनंद झाला. बायकोचा विश्वास वाढावा म्हणून त्याने किती प्रार्थना केली होती. त्याने माइक तिच्या तोंडाशी धरला.

"स्वप्नाची गोळी बंद न्हाई," ती म्हणाली. आवाज पत्र्यावर आदळून परत आला. "दवाखान्याची गोळी म्या रोज देते. रक्ताची म्हनून सांगितलं, ते खोटं सांगितलं. ह्यांनी दिलेली साक्ष खरी न्हाई. ह्यांना ठावं नव्हतं. मला ठावं व्हतं."

बजरंगच्या हातातला माइक खाली आला. तो खाली आला तरी तिचा आवाज कमी पडला नाही. आयुष्य मेंढरांना हाका मारण्यात गेलेलं होतं.

पास्टर पुढे आले. दुखावल्या आवाजात म्हणाले, "ताई, लेकरू प्रभूच्या राखोळीला दिल्यावर तुमी त्यात हात घातला."

"पास्टरसाहेब, तुमी राखोळीला कदी मेंढरं दिली न्हाईत," संगीता म्हणाली. "आमी दिलीत. माझ्या बापानं मेंढरं दिली, तवा संगं कुत्रं दिलं, घोंगडी दिली, लंगड्या मेंढीला लावायचं औषध बी बांधून दिलं. राखणाऱ्याचे हात बांधून कुनी मेंढरं देत न्हाई. तुमी लेकरं प्रभूला देता आन् त्याचं कुत्रं हाकलून देता. मंग लांडगा आला, की म्हनता, विश्वास कमी पडला." ती नवऱ्याकडे वळली. "आन् ह्यांनी मेंढरांना लस टोचली. मेंढरं देवाची न्हाईत का?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. धनगरांची मंडळी ती, लशीचं सगळ्यांना कळलं. पास्टर म्हणाले, आपण डोळे मिटून प्रार्थना करू या. ज्या सभेत काही सुचत नाही, तिथे डोळे मिटायला सांगणं फार सोयीचं.

डोळे मिटलेले असताना काठीचा टक टक आवाज झाला. ज्यांनी डोळे किलकिले केले त्यांना दिसलं, की सटवा उठून चालत पुढे गेला. त्याने टेबलावरची आपली पिशवी उचलली, आत डोकावून गोळ्या आहेत ना ते बघितलं, ती बंडीच्या खिशात कोंबली आणि आला तसा दाराशी जाऊन बसला. केसरबाईनेही बघितलं. तिने मान खाली घातली, आणि संगीताकडे नंतरही कितीतरी दिवस बघितलं नाही.

प्रार्थना संपल्यावर पास्टरांनी सांगितलं, की पश्चात्ताप होईपर्यंत ह्या कुटुंबाने मंडळीत येऊ नये आणि बंधू बजरंगने माइक ठेवावा. बजरंगने माइक ठेवला. ठेवताना त्याने तो चालूच ठेवला, त्यामुळे त्याचा उसासा सगळ्या शेडभर ऐकू आला.

घरी जाताना स्वप्ना पुढे चालत होती आणि ही दोघं मागे. बजरंग शिव्या देईल म्हणून संगीताने उत्तरं तयार ठेवली होती. नाताळापासून ती एकेक उत्तर घासत होती. त्यातलं एकही बोथट नव्हतं. पण तो म्हणाला, "मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी?"

"गोळी बंद केली असती," तो म्हणाला. "टाळ्या पडल्या व्हत्या ना. त्या दिशी घरी आलो आन् मला वाटलं, आपन काय बोलून बसलो. पर बोललो ते बोललो. रोज पोर झोपली की म्या तिच्या श्वासाकडं कान लावून पडायचो. फिट आली तर लोकांना काय तोंड दावू, आसं आधी वाटायचं. मंग पोरीचं वाटायचं." तो थांबला. "आधी लोकांचंच वाटायचं," तो पुन्हा म्हणाला.

संगीताने त्याच्याकडे बघितलं. इतका क्षुद्र माणूस तिने पाहिला नव्हता, आणि इतकं खरं बोललेला बजरंगही तिने पाहिला नव्हता. घासून ठेवलेली उत्तरं तोंडात आली, पण तिने ती गिळली. काल बांधावर तिने पोर देवाला दिली होती, मंडळी दिली होती, स्वतःची भीती दिली होती. हा माणूस मात्र तिने दिला नव्हता. तो तिने स्वतःसाठी ठेवून घेतला होता, तुच्छ मानायला. त्याला सोडणं पोरीला सोडण्याहून अवघड होतं, हे तिला तिथे, त्या खडबडीत रस्त्यावर, स्पष्ट समजलं आणि अजिबात आवडलं नाही.

घरी पोचल्यावर तिने फळीवरची हळदीची डबी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. हवं तर ह्याही गोळ्या त्याने चुलीत घालाव्यात. चूल समोरच पेटलेली होती. भरवसा म्हणतात तो हाच असेल, तर त्याची चव फार वाईट होती.

बजरंगने डबी उघडली. चुलीकडे बघितलं नाही. एक गोळी काढली, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि स्वप्नापुढे जाऊन उभा राहिला. साक्ष द्यायला उभा राहतो तसाच तो उभा राहिला होता, फक्त हातात माइकऐवजी पाण्याचा पेला होता.

स्वप्ना भाकरीच्या परातीजवळ बसली होती. तिने आधी गोळीकडे आणि मग बापाकडे बघितलं.

"आबा, जेवल्यावर घ्यायची असती ती," ती म्हणाली.

"ही फिटीची हाय, हे तुला आधीच म्हाईत व्हतं?" संगीताने विचारलं.

"पयल्या दिवसापासनं."

"मंग बोलली कावून न्हाई?" बजरंग म्हणाला.

पोरीने दोघांकडे एकदा नीट बघून घेतलं. संगीताने ती नजर लगेच ओळखली, कारण तिनेच ती इतके दिवस घरात वापरली होती. फक्त ती आपल्यावरही पडेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"तुमी दोघं बी माझ्याबद्दल देवाशीच बोलत व्हता," स्वप्ना म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हाई."

तिने बापाच्या तळहातावरची गोळी उचलून ताटलीच्या कडेला ठेवली आणि भाकरी मोडायला घेतली.